मक्याच्या पोंग्यांतील लष्कर

शास्त्रवाचन : योएल १:१-१२, निर्गम २२:५, ६, अनुवाद २२:८

योएल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभीं कोणा राजाचें नांव नाहीं, कोणत्या लढाईची तारीख नाहीं. संदेष्टा आपल्या बापाचें नांव सांगतो, आणि लागलीच वृद्धांस हाक मारून पिकांवर आलेल्या किड्यांविषयीं बोलूं लागतो. द्राक्षमळे, अंजीर, डाळिंब, गहूं, जव ह्यांपैकीं कांहींच वांचलेलें नाहीं. मूळ इब्री भाषेंत ह्या खाणाऱ्यांस चार निरनिराळीं नांवें दिलीं आहेत : गाझाम, अर्बे, येलेक आणि हासील. हीं चार जातींचीं नांवें आहेत, किंवा एकाच टोळाच्या वाढींतील चार अवस्थांचीं, ह्याविषयीं विद्वानांचें पूर्ण एकमत नाहीं. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं तर पहिल्या व शेवटल्या नांवास अळीवाचक शब्दच घातले. ज्याचें शेत खाल्लें गेलें त्याला हा वाद पंडितांचा वाटेल. तथापि त्यांतून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. योएलाच्या लोकांनीं खाणाऱ्यास नुसती कीड म्हणून सोडून दिलें नव्हतें. त्यांनीं ती निरखून पाहिली होती, आणि जें जें पाहिलें त्यास नांव दिलें होतें. आज आपल्या मक्यावर जो शत्रु येतो त्याचींही चार रूपें आहेत. तीं आपल्यापैकीं किती जणांस ओळखतां येतात?

हा शत्रु टोळ नव्हे. तो एका करड्या, रात्रीं उडणाऱ्या पतंगाची अळी आहे. शेतकीच्या पत्रकांत तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. शास्त्रज्ञ स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा म्हणतात. जातीचें हें नांव तिला १७९७ सालीं मिळालें. त्यांतील दुसऱ्या शब्दांत लॅटिन भाषेंतील फळ आणि नाश हे दोन अर्थ एकत्र आले आहेत. म्हणजे तेव्हांही तिचा लौकिक कांहीं बरा नव्हता. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. आपल्या ज्वारीवर व भातावर झुंडीनें येणारी जी जुनी अळी, तिलाही लोक लष्करी अळीच म्हणतात; आणि तंबाखू व सोयाबीन ह्यांचीं पानें खाणारी तिसरी एक अळी ह्या नव्या पाहुणीची जवळची भावकी आहे. नव्या अळीची खूण अशी कीं, तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढावें तशी फिकट रेघ असते, आणि शेपटीजवळच्या एका पेरावर चार काळे ठिपके चौकोनांत मांडलेले असतात. ज्यांस इंग्रजी अक्षर ठाऊक नाहीं त्यांनीं पोरांच्या हातांतील बेचकी मूठ वर करून धरावी, तीच आकृति. ह्या दोन्ही खुणा मोठ्या अळीवर साध्या डोळ्यांनीं दिसतात.

तिचें माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधांत आहे. थंडी तिला सोसत नाहीं. पुष्कळ कीटक हिवाळाभर निजून राहतात, ती विद्या हिला नाहीं. हिम पडलें म्हणजे ती मरते. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिवाळ्यांत ती फक्त दक्षिणेकडील फ्लॉरिडा व टेक्सस ह्यांच्या उबदार भागांत जगते, दर वसंतांत नव्यानें उत्तरेस निघते, आणि शरद ऋतूपर्यंत थेट कॅनडाच्या बाजूस पोंचते. तिच्या इंग्रजी नांवांत शरद ऋतु आला आहे तो ह्यामुळेंच. हा प्रवास ती पतंगाच्या रूपानें करते. वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रींत शंभर किलोमीटर जाणें तिला अवघड नाहीं.

२०१६ सालीं ती आफ्रिकेच्या पश्चिम भागांत, नायजेरिया, बेनिन, टोगो व साओ टोमे येथें, आढळली. दोन वर्षांत चाळीसांहून अधिक आफ्रिकी देश तिनें व्यापले. २०१८ च्या मे महिन्यांत कर्नाटकांत शिवमोग्गा येथें ती मक्यावर सांपडली, आणि त्याच वर्षीं आपल्या सोलापूर व सांगली जिल्ह्यांत दिसूं लागली. सांगलीकडे तर उसावरही. २०१९ च्या आरंभीं चीन, २०२० सालीं ऑस्ट्रेलिया. ज्या प्राण्याचें सारें आयुष्य महिना-सव्वा महिन्याचें, त्यानें चार वर्षांत हा पल्ला गांठला. आपल्या मुलुखांत तिला अडविणारें हिम नाहीं, आणि मका, ज्वारी, कडवळ, ऊस ह्यांपैकीं कांहीं ना कांहीं बाराही महिने कोठें तरी उभें असतेंच. साडेतीनशेंहून अधिक वनस्पतींवर ती आढळल्याची नोंद आहे. परंतु तिची खरी आवड मका.

आतां तिचीं रूपें पाहूं. पहिलें रूप अंड्याचें. मादी रात्रीं पानावर अंडीं घालते, एकेक सुटें नव्हे तर पुंजक्यानें. एका पुंजक्यांत शंभर-दोनशें अंडीं असतात. त्यांवर ती आपल्या अंगावरील करड्या लवेचें पांघरूण घालते, म्हणून पुंजका पानावर बुरशी आल्यासारखा दिसतो व पुष्कळ जण तो पाहूनही पुढें जातात. एक मादी आपल्या थोडक्या आयुष्यांत दीड हजारांच्या आसपास अंडीं घालते. उष्ण हवेंत तीं दोन-तीन दिवसांत फुटतात.

दुसरें रूप अळीचें, आणि खाणारें रूप हेंच. नुकती निघालेली अळी इतकी बारीक असते कीं पान आरपार कुरतडण्याची शक्ति तिच्या जबड्यांत नसते. ती पानाचा हिरवा थर एका बाजूनें खरवडून खाते व दुसऱ्या बाजूचा पापुद्रा तसाच ठेवते. असें पान उन्हाकडे धरलें म्हणजे तेथें अभ्रकाच्या तुकड्यासारखी लहानशी पांढरी खिडकी दिसते. कांहीं पिलें तोंडांतून धागा सोडून वाऱ्यावर शेजारच्या झाडास जातात. पुढें कात टाकीत टाकीत अळी पोंग्यांत उतरते. तेथें गुंडाळलेल्या पानांतून ती आरपार गेली म्हणजे पान उलगडल्यावर त्यावर एका ओळींत भोकें दिसतात, जणों कोणी घडी घातलेल्या कागदास दाभण टोंचलें. मग भोकें फाटतात, पानाच्या कडा झिजतात, आणि पोंग्याच्या तोंडाशीं करवतीच्या भुशासारखी ओलसर विष्ठा सांचते. एका पोंग्यांत बहुधा एकच, फार तर दोन मोठ्या अळ्या सांपडतात. ह्याचें कारण मोठें विलक्षण आहे : त्या एकमेकींस खातात. लष्कर म्हणावें, आणि आंत हा बंधुभाव!

पांच वेळां कात टाकून अळी पूर्ण वाढते. ह्यास उष्ण दिवसांत सुमारें दोन आठवडे लागतात. थंडींत महिनाही लागतो. तेव्हां ती सुमारें दीड इंच लांब होते. ह्या सर्व दिवसांत ती जितकें पान खाते त्याचे चार हिस्से केले, तर जवळजवळ तीन हिस्से ती शेवटल्या कातीनंतरच्या थोड्या दिवसांत खाते. त्यापूर्वींच्या पांचही वयांत मिळून तिचा एकच हिस्सा होतो. वाचकहो, ह्या पाठांतील बाकी सर्व विसरलें तरी चालेल, परंतु हा हिशेब विसरूं नका. ज्या आठवड्यांत अळीनें जवळजवळ कांहींच खाल्लेलें नसतें, त्याच आठवड्यांत ती उघड्या पानावर असते, हातानें मरते, आणि तिच्या खिडक्या तिचा ठाव सांगतात. ज्या दिवशीं शेताची दुर्दशा रस्त्यावरून दिसूं लागते, त्या दिवशीं तिचें जेवण उरकत आलेलें असतें, आणि ती विष्ठेचें बूच लावून पोंग्याच्या तळाशीं बसलेली असते. आपण बहुतेक जण शेत रस्त्यावरून पाहतों.

तिसऱ्या व चौथ्या रूपाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. वाढ पुरी झाल्यावर अळी खालीं उतरून मातींत दोन-चार बोटें खोल जाते व तांबूस कोश होते. आठ-नऊ दिवसांनीं, थंडी असल्यास अधिक दिवसांनीं, त्यांतून पतंग निघतो. पतंग सुमारें दहा दिवस जगतो. तो पिकास तोंड लावीत नाहीं; फुलांतील मध पिऊन उडतो, जोडा शोधतो, आणि पुन्हां पहिलें रूप.

ही अळी किती नुकसान करते? २०१७ सालीं घाना व झांबिया ह्या देशांतील शेतकऱ्यांस विचारण्यांत आलें, तेव्हां त्यांच्या अंदाजानें मक्याच्या उत्पन्नांतील घट अनुक्रमें शेंकडा ४५ व शेंकडा ४० भरली. हे आंकडे ऐकून कोणाचेंही धैर्य खचेल. परंतु पुढें झिंबाब्वेच्या पूर्व भागांत शास्त्रज्ञांनीं शेतांत जाऊन झाडें मोजलीं व कणसें वजन केलीं. तेथें झाडांपैकीं शेंकडा ३२ ते ४८ झाडांवर अळीचें काम दिसलें, तरी उत्पन्नांतील घट शेंकडा १२ च्या आंतच निघाली. देश निराळे, पाऊस निराळा. म्हणून एक आंकडा खरा व दुसरा खोटा असें म्हणतां येत नाहीं. तथापि इतकें खरें कीं, फाटकें पान म्हणजे रिकामें कणीस नव्हे. मक्याचें कोंवळें झाड पानें गमावूनही पुन्हां उभारी धरतें. पोंग्याच्या गाभ्यास, तुऱ्यास किंवा कणसास तोंड लागलें म्हणजे मात्र तोटा भरून येत नाहीं. घाबरलेला मनुष्य हा भेद पाहत नाहीं. तो दुकानाकडे धांवतो.

आणि येथें आमच्या मंडळ्यांस ज्या गोष्टीची काळजी वाहिली पाहिजे ती गोष्ट येते. आपल्या गांवोगांवच्या सभासदांपैकीं कित्येकांस स्वतःची जमीन नाहीं, किंवा असली तर एक-दोन एकर. शेत दुसऱ्याचें, पंप दुसऱ्याचा, औषध दुसऱ्यानें आणलेलें. पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांत दिवसभर चालणारा बंधु मात्र आपला. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेंकडों रुग्णालयांत पडले. तें पीक कपाशीचें होतें, मक्याचें नव्हे, हें खरें. परंतु त्या वर्षीं कपाशी पुरुषभर उंच वाढली होती व मजुरांच्या तोंडावर विष येत होतें; मोठ्या मक्यांत फवारणाऱ्याची स्थिति ह्याहून वेगळी कशी असेल? मोठी अळी पोंग्याच्या तळाशीं, बुचाखालीं, सुरक्षित. विषाचा धुरळा मनुष्याच्या नाकांत. मग औषध लागू पडलें नाहीं म्हणून दुसरें कडक आणावयाचें, दोन-तीन एकत्र मिसळावयाचीं, आणि फेरी पुन्हां मारावयाची. अमेरिकेंत तर ही अळी पुष्कळ जुन्या विषांस दाद देईनाशी झाली आहे. ज्या मक्याच्या बियांतच अळीनाशक गुण घातलेला होता, त्या एका मक्यासही प्वेर्तो रिको बेटांत ती दाद देत नाहीं असें २००६ सालीं आढळून आलें.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. ज्यांच्या गांवीं धाब्याचीं घरें आहेत त्यांस ती समजावून सांगावयास नको. पाय घसरेल तो पाहुण्याचा किंवा गड्याचा. परंतु कठडा केला नाहीं तर रक्ताचा दोष घराच्या धन्यावर येतो. फवारणीलाही कठडा आहे, आणि तो धन्यानें करावयाचा आहे. तोंडानाकास चांगलें आच्छादन, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, अंग धुण्यास साबण व भरपूर पाणी. वाऱ्याच्या उलट फवारूं नये, उपाशी पोटीं फवारूं नये. पंपाचें तोंड तुंबलें तर तें तोंडांत धरून फुंकण्याची जी संवय आपल्या गड्यांस आहे ती प्राणघातक आहे. बारीक काडी किंवा जुना दांतांचा ब्रश जवळ ठेवावा. वाचतां न येणाऱ्यांनींही डब्यावरील रंगीत खूण पाहावी : तांबडा त्रिकोण अति जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. फवारणाऱ्यास घाम सुटूं लागला, डोळ्यांपुढें धूसर दिसूं लागलें, ओकारी आली, छाती दाटली, तर ऊन लागलें असें म्हणून झाडाखालीं निजवून ठेवूं नये. कपडे काढून अंग धुवावें आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन लागलीच दवाखान्यांत न्यावें. डबा पाहिल्यानें डॉक्टरास विष कळतें. आणखी एक : फवारलेल्या मक्याचा हिरवा चारा डब्यावर दिलेले दिवस उलटण्यापूर्वीं गुरांस घालूं नये. बांधावरून चारा कापून आणणाऱ्या मुलींस हें कोणी सांगत नाहीं.

विषाशिवाय मार्ग आहे काय? आहे, परंतु तो वर सांगितलेल्या पहिल्या आठवड्याचा मार्ग आहे. रोपें उगवून आठ दिवस झाले कीं आठवड्यांतून दोनदां शेतांत शिरावें. बांधावरून नव्हे, ओळींतून. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत नागमोडी चालत. पांच ठिकाणीं थांबून प्रत्येक ठिकाणीं वीस झाडें पाहिलीं म्हणजे शंभर झाडांचा हिशेब होतो. पानाच्या दोन्ही बाजूंस अंड्यांचे पुंजके पाहावे व सांपडतील ते बोटांनीं चिरडावे. एक पुंजका चिरडला म्हणजे शंभर-दोनशें अळ्या न जन्मतांच गेल्या. इतकें काम कोणताही पंप करीत नाहीं. हें काम मुलांच्या डोळ्यांस आमच्यापेक्षां चांगलें साधतें. खिडक्या दिसूं लागल्या तर शंभरांत पांच झाडांपर्यंत वाट पाहावी, पुढें पाहूं नये. शेंकडा पांच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पांच किलो वाळलेल्या निंबोळ्या बारीक कुटून रात्रभर पाण्यांत भिजवाव्या, सकाळीं फडक्यांतून गाळाव्या, थोडा साबणाचा चुरा घालून शंभर लिटर पाणी करावें, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं पोंग्यांत पडेल असें फवारावें. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशीं झाडाखालीं फुकट पडलेल्या असतात. तेव्हां वेंचून वाळवून ठेवल्या तर खर्च बहुतेक श्रमांचाच. अळी पोंग्यांत उतरली असेल तर पेरणीपासून पहिल्या महिन्यांत नऊ भाग बारीक वाळू व एक भाग चुना मिसळून चिमूट चिमूट पोंग्यांत टाकावी, असें आपल्या देशांतील शेतकी शास्त्रज्ञ सांगतात. आफ्रिकेंतील गरीब शेतकरीही राख, वाळू व माती पोंग्यांत टाकतात. एक-दोन एकरांस हें सहज होतें. वीस एकरांच्या धन्यास तें जमणार नाहीं हें आम्ही कबूल करतों. परंतु हा पाठ त्याच्यासाठीं लिहिलेला नाहीं.

कामगंध सापळे एकरीं पांच लावले म्हणजे नर पतंग किती येतात तें कळतें, आणि अंड्यांचे दिवस जवळ आल्याची सूचना मिळते. सापळा हा पहारेकरी आहे, शिपाई नव्हे. तो लावून घरीं निजणाऱ्याचें पीक वांचत नाहीं.

आपल्या बाजूनें लढणारेही पुष्कळ आहेत. ट्रायकोग्रामा व टेलेनोमस नांवाच्या गांधीलमाशीच्या जातीच्या माशा आहेत, तिळाहून लहान. त्या पतंगाच्या अंड्यांत आपलें अंडें घालतात, आणि अळीऐवजीं माशीच बाहेर येते. पावसाळी दमट हवेंत एक बुरशी अळीच्या अंगांत शिरते. अळी पानास चिकटून ताठ मरते, प्रथम पांढरी व मग हिरवट पिठानें माखलेली दिसते. अशी अळी काढून टाकूं नये. तिच्या अंगावरील पीठ उडून दुसरीस लागतें. शेतांत उंच काठ्या रोविल्या तर कोतवाल व साळुंक्या त्यांवर बसून अळ्या टिपतात. तांबडा त्रिकोण प्रथम ह्यांनाच मारतो. परमेश्वरानें नेमलेले हे चाकर पगार मागत नाहींत, आणि आपण त्यांस न ओळखतां मारतों.

केन्या देशांत ह्या विचाराचा फार सुंदर उपयोग करण्यांत आला आहे. तेथील आंतरराष्ट्रीय कीटकसंशोधन संस्थेनें खोडकिड्यासाठीं पूर्वींच एक पद्धति बसविली होती. मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम नांवाचें द्विदल गवत लावावयाचें. त्याच्या वासानें पतंग दूर जातो. शेताच्या कडेनें नेपियर किंवा ब्रॅकियारिया गवत लावावयाचें; तिकडे तो ओढला जातो. नवी अळी आल्यावर केन्या, युगांडा व टांझानिया येथें अशीं शेतें तपासलीं, तेव्हां नुसत्या मक्याच्या शेतांपेक्षां त्यांत झाडामागें अळ्या शेंकडा ८० हून अधिक कमी आढळल्या. शिवाय दोन्ही गवतें गुरांचा चारा. आपल्याकडे नेपियर बहुतेक गांवीं आहे. मक्यांत तूर, उडीद किंवा मूग ह्यांचें आंतरपीक घेण्याची शिफारस आपल्या शास्त्रज्ञांनींही केली आहे, आणि ती रीत आपल्या आजोबांस नवी नव्हती.

आतां राहिला शेजाऱ्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण आहे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत एक न्याय सांगितला आहे : कोणी आग लावली, ती कांट्यांत शिरली, आणि शेजाऱ्याचें उभें पीक किंवा रचलेली गंज जळाली, तर आग लावणाऱ्यानें भरपाई करावी. मी शेजाऱ्याच्या शेतांत गेलोंच नाहीं, आग आपली आपण गेली, ही सबब तेथें चालत नाहीं. एका रात्रींत शंभर किलोमीटर उडूं शकणाऱ्या पतंगाला आपला बांध काय अडविणार? ज्या शेतांत अळ्या सुखानें वाढून मातींत कोश होऊन बसल्या, त्या शेतानें पंधरा दिवसांनीं साऱ्या शिवारावर पतंग सोडले. तसेंच पेरणीचें. एकानें मका आज पेरला, दुसऱ्यानें तीन आठवड्यांनीं, तिसऱ्यानें आणखी महिन्यानें, तर पहिल्या शेतांत वाढलेल्या पिढीस दुसऱ्या शेतांत कोंवळा पाला तयार मिळतो, आणि दुसऱ्या पिढीस तिसऱ्या शेतांत. सर्वांनीं आठ-दहा दिवसांच्या आंत पेरलें तर ही सांखळी तुटते. कापणीनंतर खोल नांगरणी केली तर कोश वर येऊन उन्हानें व पांखरांनीं मरतात. परंतु तीही एकट्यानें करून थोडाच उपयोग. ज्यांच्याशीं बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, किंवा त्याहून जुन्या गोष्टीवरून बोलणें बंद आहे, त्यांच्याशीं ह्या निमित्तानें बोलावें लागेल. आम्हांस ठाऊक आहे कीं कित्येक गांवीं हें निंबोळ्या कुटण्यापेक्षां जड काम आहे. शेजारी मंडळीचा सभासद नसेल, तर अधिकच लवकर त्याच्याकडे जावें.

ज्या ठिकाणीं ह्या पाठाचा अभ्यास वर्गांत होईल, तेथील शिक्षकांनीं एक करावें. मका गुडघ्याएवढा झाला असेल तर पुढल्या रविवारीं उपासनेनंतर मुलांस जवळच्या एका शेतांत, मालकाची परवानगी घेऊन, न्यावें. प्रत्येकानें खिडकी पडलेलें एक पान शोधावें व उन्हाकडे धरून पाहावें. मग त्या झाडाच्या आसपासचीं दहा झाडें पाहून अंड्यांचा रिकामा पुंजका कोठें सांपडतो काय तें पाहावें. मोठी अळी सांपडल्यास ती कागदावर घेऊन डोक्यावरील उलटी बेचकी व शेपटीजवळचे चार ठिपके सर्वांस दाखवावे. दोन मोठ्या अळ्या मात्र एका डबींत ठेवूं नयेत; सोमवारीं एकच उरेल.